बाळंतिणींचा माळा

जावा-जावा आणि उभा दावा, असं म्हणतात. पण दाव्याला दोन्हीकडून माणूस लागतं. इथे एकच बाई रोज सकाळी उठून भांडायची, तीही मनातल्या मनात, आणि जिच्याशी भांडायची तिला बिचारीला पत्ताही नसायचा. थोरली जाऊ आपली धुण्यात बुडालेली. धाकटीचा अर्धा जन्म मात्र मधल्या भिंतीला कान लावण्यात गेला.

सासूनं डोळे मिटण्याआधी एका घराची दोन घरं केली आणि एका लॉण्ड्रीचे दोन वाटे. थोरलीकडे धुणं आणि वाळवण, धाकटीकडे खळ, इस्त्री आणि घड्या. हॉटेलांच्या चादरी नि इस्पितळाचे डगले आधी थोरलीकडे शिरायचे आणि भिंतीतल्या खिडकीतून गठ्ठ्यागठ्ठ्यानं धाकटीकडे सरकायचे. छप्पर तेवढं एकच राहिलं. माळ्यावर मधोमध विटांची भिंत, अलीकडे हिचा माळा, पलीकडे तिचा.

वाटणी सरळच होती, पण धाकटीला विचाराल तर भलतंच ऐकाल. रस्त्याकडचं दार कोणाला? थोरलीला. सासूची गार फरशीची खोली कोणाला? थोरलीला. गिऱ्हाईक दारात आलं की पहिलं काय विचारतं? "वहिनी आहेत का?" वहिनी! जणू पलीकडे इस्त्री फिरवते ती मोलकरीण. कॉलर ताठ करते कोण, चुण्या बसवते कोण, आणि "वहिनींच्या हाताला काय सफाई आहे हो" हे ऐकायचं कोणी? धाकटीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा आणि तो राग बिचाऱ्या उशांच्या अभ्र्यांवर निघायचा.

एकाच बाबतीत ती वरचढ होती. थोरलीला ना नवरा उरला होता, ना मूलबाळ झालं होतं. धाकटीला लेक होती. एकुलती एक, पण सोन्यासारखी. रात्री उशीला डोकं टेकताना धाकटी स्वतःला बजावायची, असू दे तिचं दार नि तिची खोली, लेक माझी आहे. आणि हे बजावून झालं की लगेच तिला आठवायचं, की लेक लहानपणापासून थोरलीला 'मोठी आई' म्हणते. ती मोठी, मग मी कोण गं? छोटी? की झोप उडालीच.

अशात एका उन्हाळ्यात थोरलीची कौलं बदलायला गवंडी आला, माळ्यावर चढला आणि बोंबलत खाली उतरला. वर वटवाघळं होती. साधीसुधी नव्हेत, बोटाएवढी, नाकावर घडी असलेली, आणि झाडून सगळ्या माद्या. वन्यजीव खात्याच्या मॅडम आल्या, शिडीवर चढल्या आणि खाली आल्या त्या हसतच. म्हणाल्या, ही जात संपत चालली आहे, कायद्यानं तिला संरक्षण आहे, आणि या माद्या इथे बाळंत व्हायला येतात. एकेकीला एकच पिल्लू. थोरलीच्या वाळवणीच्या खोलीत लोखंडी शेगडी दिवसभर पेटलेली, तिची ऊब वर माळ्यावर जाते, म्हणून त्यांनी हे घर निवडलं.

घर निवडलं म्हणे! धाकटी भिंतीला चिकटून ऐकत होती.

"यांना हुसकायचं नाही, भोकं बुजवायची नाहीत, माळ्यावर दिवा लावायचा नाही," मॅडम सांगत होत्या. "मोडलंत तर गुन्हा आहे. आणि शेगडी तेवढी चालू ठेवा, पिल्लं गारठली तर वाचत नाहीत. उन्हाळा संपला की जातील त्या. पण एक लक्षात ठेवा—"

एवढ्यात पलीकडे धुण्याचं मशीन गडगडायला लागलं आणि पुढचं सगळं त्यानं गिळलं. धाकटीनं 'जातील त्या' एवढं ऐकलं आणि तिला तेवढं पुरलं.

मग काय विचारता! थोरलीच्या दारावर हिरवी पाटी लागली, 'संरक्षित निवासस्थान'. पेपरात फोटो आला, थोरली ओल्या हातांनी पदर सावरत उभी. शाळेची पोरं रांगेनं बघायला आली. मॅडम दर आठवड्याला चहाला यायला लागल्या. रोज संध्याकाळी वटवाघळं कौलांखालून भुर्रकन बाहेर पडायची, तेव्हा अख्खी गल्ली माना वर करून उभी राहायची आणि मधोमध थोरली.

"नवरा नाही, मूल नाही, तरी घरात शंभर बाळंतिणी," धाकटी दातओठ खात म्हणाली. "आमच्या माळ्यावर साधी पाल फिरकत नाही."

तिचा नवरा गाडीवरून कपडे पोचवायचा आणि आल्यागेल्याची थट्टा करायचा. तो म्हणाला, "अगं, वटवाघळं आहेत ती. हगतात. तुला हवीत कशाला?"

"मला नकोच आहेत."

"मग रोज संध्याकाळी दारात उभी राहून मोजतेस काय?"

"तुम्ही जेवा गुपचूप," ती म्हणाली.

उन्हाळा सरला तशी वटवाघळं निघून गेली, आणि त्या हिवाळ्यात लेकीचा फोन आला. तिला दिवस गेले होते. जावई जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. ती नर्स, आणि तिची बदली इथल्याच इस्पितळात होणार होती. म्हणजे बाळ घेऊन ती घरीच राहायला येणार! धाकटीला हात आभाळाला लागल्यासारखं झालं. तिनं फोनवरच सांगून टाकलं, "माळ्यावर खोली बांधते तुला. खिडकी पाडते, पाळणा टांगते. तू फक्त ये." सुताराला बोलावून मापंही घेऊन टाकली. सुताराच्या हातात दुसरं काम होतं. तो उन्हाळा सरल्यावर येतो म्हणाला. ठीक आहे, तोवर चार दिवस दाटीवाटीनं काढू. नातवंड आपल्या डोक्यावर रांगणार आणि थोरली भिंतीपलीकडून ऐकणार, या एका विचारावर तिनं हिवाळाभर इस्त्री केली.

माणसानं इथे थांबावं की नाही? सोन्यासारखं सगळं ताटात वाढून आलेलं. पण दुसऱ्याच्या ताटात काय वाढलंय हे बघितल्याशिवाय जिला घास उतरत नाही, ती कसली थांबते!

हिवाळा उतरणीला लागला तशी ती हिरवी पाटी तिच्या डोळ्यांत पुन्हा खुपायला लागली. मग तिच्या मनात आलं, यंदा पुन्हा आल्या तर ऊबच हवी ना त्या बयांना? ऊब काय एकट्या थोरलीच्या मालकीची आहे? उन्हाळाभर आपल्याकडे राहतील, पाटी लागेल, फोटो येईल, मग जातील. त्या गेल्या की सुतार येईल. पाटीही आपली आणि नातवंडही आपलं. नवऱ्याला म्हणाली, खळ लवकर वाळत नाही, मला शेगडी हवी. त्यानं भंगारवाल्याकडून एक भलीमोठी आणून दिली. थोरली थंडी ओसरली की शेगडी काही दिवस विझवून साफ करायची, धुराडं झाडायची. नेमके ते दिवस धाकटीनं पकडले. कोळसा रचून शेगडी लालबुंद केली आणि माळ्याचं दार सताड उघडं टाकलं.

आणि आल्या! एका संध्याकाळी कौलांखाली फडफड झाली आणि धाकटीच्या माळ्यावर बारीक किचकिच सुरू झाली. धाकटी शिडीखाली उभी राहून अक्षरशः रडली. त्या थोरलीकडे न जाता तिच्याकडे आल्या होत्या, तिच्याकडे!

मॅडम आल्या, शेगडी बघून म्हणाल्या, "ही नवी दिसतेय."

"त्यांच्यासाठीच आणली मी," धाकटी छाती फुगवून म्हणाली. "मुद्दाम."

पाटी लागली. फोटो आला, त्यात धाकटीनं नवं लुगडं नेसलं होतं. सगळ्यात गोड क्षण पुढेच होता. थोरली खिडकीतून गठ्ठा सरकवायला आली, तेव्हा धाकटी सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, "जाऊबाई, तुमच्या पाहुण्या आमच्याकडे आल्या हो. वाईट नका वाटून घेऊ."

थोरलीनं कपाळावरचा घाम पुसला आणि तोंडभर हसली. "वाईट कसलं गं! सुटले बाई. गेल्या उन्हाळ्यात त्या धगीनं मला घेरी यायची. शेगडी विझवता येत नाही, दार उघडता येत नाही. या वर्षी अंगणात दोरी बांधलीये, चादरी उन्हात वाळतात. घर कसं गार झालंय, ये बघायला."

धाकटीला हे ऐकून असं झालं, की मिठाई म्हणून तोंडात टाकावं आणि साबणाची वडी निघावी. पण हार मानेल तर ती कसली? तिनं मॅडमना चहा दिला आणि सुताराचा विषय काढला. यांची पिल्लं मोठी होऊन गेली, की वर लेकीसाठी खोली बांधायची आहे.

मॅडमनी कप खाली ठेवला. "कुठे वर?"

"माळ्यावर."

"तिथे आता काही बांधता येणार नाही, ताई."

"अहो, त्या गेल्यावर म्हणतेय मी."

"गेल्या तरी जागा त्यांचीच राहते. दर वर्षी त्या त्याच जागी बाळंत व्हायला परततात. जागा मोडली की जात मोडली. म्हणून कायदा नुसत्या जिवाला नाही, त्याच्या घरालाही राखतो. मी तुमच्या जाऊबाईंना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्या बोलल्या नाहीत का?"

मशीननं गिळलेलं वाक्य आता वर्षभरानं धाकटीच्या पदरात पडलं. आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि धोंडा भंगारवाल्याकडून घरपोच आला होता.

लेक आली तेव्हा बाहेर ऊन आग ओकत होतं आणि आत शेगडी. नात इवलीशी, कापसाच्या बोळ्याएवढी. इस्त्रीच्या टेबलामागे खाट टाकली, पाळणा टांगला, पण तिसऱ्या दिवशी बाळाच्या अंगभर घामोळं उठलं. अंधार पडला तरी ते रडायचं थांबेना. लेक ओला पंचा फिरवून दमली. म्हणाली, "आई, ती शेगडी विझव ना गं. एवढी कशाला लागते?"

धाकटी चिमटा घेऊन शेगडीपाशी गेली. निखारे बाहेर ओढायचे, पाणी मारायचं, झालं. कोणाला कळणार होतं? तिनं खरंच एक निखारा ओढला. तेवढ्यात बाळ दम घ्यायला क्षणभर थांबलं आणि वरची किचकिच ऐकू आली. पिल्लं होती ती, नागडी, एकमेकांना चिकटून, आया बाहेर गेलेल्या. एकेकीचं एकच. धाकटीला गुन्ह्याचं भय होतंच, नाही असं नाही. पण त्या घडीला तिच्या मनात कायदाबियदा काही नव्हता. हात पुढे जाईना, एवढंच. तिनं निखारा परत आत सारला.

"नाही विझवता येत," ती म्हणाली. "वर लेकरं आहेत."

लेकीनं आईकडे बघितलं, मग बाळाकडे. बाळाला उचललं, दुपटं खांद्यावर टाकलं. "मी मोठ्या आईकडे जाते. तिच्याकडे गार आहे. आजीची खोली रिकामीच तर आहे."

"जा," धाकटी म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

लेक गेली आणि तिथलीच झाली. पाळणाही गेला. संध्याकाळी गल्ली माना वर करून धाकटीच्या कौलांकडे बघायची, शाळेची पोरं तिच्या दाराशी रांग लावायची. धाकटी कोळशानं काळे झालेले हात घेऊन आतच बसायची, भिंतीला पाठ लावून. इतकी वर्षं जिथे कान लावला त्याच भिंतीतून आता सगळं न लावताच ऐकू यायचं.

एक दिवस पलीकडून खळखळून आवाज आला. आधी तिला वाटलं मशीन. मग लेक ओरडली, "मोठी आई, पळत ये! हसली बघ, मोठ्यानं हसली!" आणि थोरलीची पावलं गार फरशीवरून धावली.

नवरा नुकताच गाडी लावून आला होता. त्यालाही ऐकू आलं. "चल ना," तो म्हणाला, या खेपेला थट्टा न करता. "दोन पावलांवर तर आहे."

धाकटी उठली, दारापर्यंत गेली, आणि मागे वळली. शेगडीत राख धरत होती. तिनं खाली बसून कोळसा घातला आणि फुंकर मारायला लागली.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "हिच्याजवळ कोण बसणार?"