चालीचा मालक

हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्याच्याबरोबर रोज चहा पितो त्या मित्राला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि बाजाराच्या दिवशी आपली गाठ पडायची भीती नाही.

मी खांडबाऱ्याचा. स्टेशनच्या रस्त्यावर वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं, त्याच्या मागच्या खोलीत आता माझा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे काय — भिंतींना गोधड्या, एक कॉम्प्युटर, एक कीबोर्ड आणि बाहेर पाटी. लग्नातल्या बँडवाल्यांची गाणी रेकॉर्ड करतो आणि उरलेल्या वेळात संगीत बनवून इंटरनेटवर विकायला ठेवतो. तिथे त्याची दुकानंच असतात. कुणाला जाहिरातीला, व्हिडिओला मागे वाजवायला काही हवं असलं की तो तिथून घेतो, आपल्याला वाटा मिळतो. अट एकच, संगीत स्वतःचं पाहिजे. ‘ही रचना पूर्णपणे माझी आहे’ अशी एक ओळ असते, तिच्यासमोर टिक करायची. परदेशी वाटेल असं एक नावही मी तिथे घेतलं होतं. खांडबाऱ्याच्या माणसाचं संगीत कोण घेणार, असं तेव्हा वाटायचं.

पहिलं वर्षभर माझं सगळं परत आलं. ‘असं आमच्याकडे भरपूर आहे’ — दर वेळी हेच. खोटं काय होतं त्यात? दुसऱ्यांचं ऐकून तसंच तर बनवत होतो.

आता रावजीबाबांचं सांगतो. मघापासून टाळतोय, तुमच्या लक्षात आलं असेल.

विसरवाडीच्या पलीकडे एका पाड्यावर ते राहतात. कोकणी माणूस — म्हणजे कोकणातले नव्हेत, आमच्याकडची आदिवासी जमात. पावरी वाजवतात — वाळलेला भोपळा, त्याला बांबूच्या नळ्या, सगळं मेणाने जोडलेलं. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव असतो, तेव्हा पावरीशिवाय पान हलत नाही. बाबा मेण घ्यायला आमच्या बाजाराला यायचे आणि वडिलांच्या ओळखीने दुकानात टेकायचे. मी लहान होतो तेव्हापासून. त्यांचा एक नियम मला तेव्हापासून माहीत होता. ज्याच्याकडून चाल घेतली त्याला नारळ द्यायचा, त्याने हो म्हटल्याशिवाय ती देवापुढे वाजवायची नाही. त्यांनी स्वतःची चाल त्यांच्या काकाकडून अशीच घेतली होती.

एका बाजाराला ते आले तेव्हा माझा नवा माइक आला होता. म्हटलं, बाबा, जरा फुंका, माइक तपासायचाय. ते म्हणाले, हा काही देवाचा महिना नाही. पण माझा शब्द मोडवेना त्यांना. वाजवली — आणि शेवटचं वळण येण्याआधी थांबले. पूर्ण चाल देवाचीच, म्हणाले. मी म्हटलं, लगेच पुसून टाकतो. त्यांनी विचारलंही नव्हतं. मग मी आपणहून का बोललो? — तोवर माझं ठरलेलं होतं म्हणून.

मी त्याला ठेका दिला, खाली कीबोर्डचे सूर भरले. शेवटचं वळण नव्हतं, ते मनाने बसवलं. एवढंच माझं. त्या दिवशी ती ओळ मी पहिल्यांदा नीट वाचली — पूर्णपणे माझी आहे. आणि टिक केली. खाली आणखी एक चौकट होती. न विकत घेता कुणी ही धून व्हिडिओत वापरली, तर मशीनने ती शोधून आवाज बंद करावा का? तिथेही टिक केली. आपला माल आपण नको सांभाळायला?

धून पास झाली आणि चालली. बाकी काही चालेना, ती चालली.

पुढच्या मार्गशीर्षात बाबांच्या मुलीने, सुनंदाने, उत्सवात वाजवणाऱ्या बापाचा व्हिडिओ काढला आणि इंटरनेटवर टाकला. ती अंगणवाडीत आहे, हुशार आहे. चार दिवसांत आवाज बंद. खाली लिहून आलं की ही चाल अमक्याच्या मालकीची आहे. ती मोबाइल घेऊन माझ्याकडेच आली — तालुक्यात यातलं कळणारा दुसरा कोण? दादा, हा कोण माणूस, म्हणाली. स्क्रीनवर मी होतो. म्हणजे माझं ते परदेशी नाव.

मी सांगितलं की बाहेरदेशातली कंपनी दिसते, आपल्या हातात काही नाही.

हातात होतं. हक्क सोडायचं बटण माझ्या खात्यात समोरच होतं. गुपचूप दाबलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. पण एकदा तो हक्क सोडला, की ही धून खरंच तुझी का, असं दुकानवाल्यांनी विचारलं असतं तर? चालणारी एकच धून होती माझी. ती मला सोडायची नव्हती, दुसरं काही नाही.

पुढच्या बाजाराला बाबा स्वतः आले. मला वाटलं, भांडणार. कशाचं भांडतायत? त्यांनी आपला विचार करून ठेवला होता. काकाने ही चाल त्या माणसाच्या घरातून घेतली असेल, विचारायचं राहून गेलं असेल, आता मालक सापडला ते बरं झालं. पिशवीतून त्यांनी नारळ काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. “त्याले पोचाड,” म्हणाले. “आनि इचार, देवापुढे वाजाडाले चालई का?”

तेव्हा तरी बोलायचं ना? मी नारळ घेतला. म्हटलं, लिहितो त्याला.

चार दिवस तो टेबलावरच होता. मग बायकोने विचारलं, कुणाचा? मी म्हटलं, कुणाचा नाही. तिने चटणी केली. मी जेवलो.

याला तीन मार्गशीर्ष झाले. बाबा देवापुढे बाकीच्या चाली वाजवतात, ती एक नाही. गेल्या वेळी मी मुद्दाम गेलो होतो. त्या चालीची वेळ आली तेव्हा त्यांनी पावरी खाली केली, आणि माणसं तेवढा वेळ नुसत्या पायांच्या आवाजावर नाचली. मालकाला विचारलंय, हे पाड्यावर सगळ्यांना माहीत आहे. मी मागे उभा होतो. लाज वाटली. घरी आल्यावर कॉम्प्युटर लावला, ते बटण पाहिलं आणि बंद केला.

आता त्यांना दम पुरत नाही. पूर्ण चाल निघेल का, त्यांनाच खात्री नाही. ती दुसऱ्या कुणाला देताही येत नाही त्यांना — मालकाचा होकार यायचा राहिलाय ना.

तरी दर बाजाराला येतात. मेण घेतात, दाराशी टेकतात, चहा घेतात. उठताना त्या मालकाच्या उत्तराचं एकदाच विचारतात. परवाही विचारलं.

“जबाब उना का?”

मी म्हटलं, “नही उना, बाबा.”