आवाज शून्यावर

चार्जर तापून प्लास्टिकचा वास सुटला की मला दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतली ती दुपार आठवते. वडील रात्रपाळी करून दिवसा झोपायचे, आणि ते झोपले की टीव्हीचा आवाज शून्यावर, हा आईचा नियम होता. त्या हिवाळ्यात आई गेली, तरी मी तो पाळत होते. व्हिडिओ गेमची कॅसेट फुंकर मारून बसवायची आणि मुक्या पडद्यासमोर धून स्वतःच तोंडातल्या तोंडात गुणगुणत खेळायचं. त्या दुपारीही तशीच खेळत होते; खिडकीच्या गजांवर केंद्राच्या चिमण्यांची राख बसलेली, अख्खं क्वार्टर गप्प. तेवढ्यात आतल्या खोलीतून वडील म्हणाले, "आवाज वाढव ना माय. इतक्या सुन्या घरात झोप नाही लागत." मी वाढवला. ती टिंगटिंग वाजणारी धून घरभर फिरू लागली. गेममधला माणूस मेला की धून तुटायची, म्हणून मी त्याला सुरुवातीलाच उभा करून ठेवला आणि नुसती बसून राहिले. गेमचा अडॅप्टर तापून प्लास्टिकचा वास सुटला, तेव्हा कुठे वडिलांचं घोरणं ऐकू आलं. आता दुपारी एकटीच आडवी झाले की मी मोबाइलवर तीच धून लावते. झोप काही लागत नाही. बाहेरच्या खोलीत माझ्यासाठी खेळ थांबवून कुणी बसलेलं नसतं.