दादाने मारलेला ड्रॅगन

काल माळ्यावरचं जुनं गेमचं मशीन सुरू केलं आणि तापलेल्या धुळीचा वास आला, तसा नाहूरच्या घरातला एक रविवार आठवला. त्या गेममधला शेवटचा काळा ड्रॅगन तीन आठवडे मला रोज जाळत होता, आणि त्या दिवशी प्रथमच तो मरता मरता वाचला होता. तेवढ्यात आईने बांगडे आणायला खाली पाठवलं. परत आले तर माझा थोरला भाऊ कंट्रोलर हातात घेऊन हसत होता. "मारला बघ! तुझ्याच्याने होत नव्हता ना." मी पिशवी ओट्यावर ठेवली आणि त्याच्यासमोर माझा साठवलेला सगळा खेळ पुसून टाकला. "वेडी झालीस काय गं?" तो ओरडला. मी दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरुवात केली. महिनाभर त्याच्याशी अवाक्षरही बोलले नाही. दलदलीतली राक्षसीण असो की पुलावरचा सरदार, प्रत्येकात मला दादाच दिसायचा आणि तलवार नेमकी बसायची. पुन्हा ड्रॅगनपाशी पोचले तेव्हा दादाला हाक मारली. "ये, आधी तू मार." तो ऐटीत बसला आणि ओळीने सात वेळा जळाला. मग मी कंट्रोलर घेतला आणि दुसऱ्याच खेपेला ड्रॅगन पाडला. "झकास! मानलं तुला," तो म्हणाला. "आता ऊठ इथून," मी म्हणाले. हल्ली राखीला आला की तो सगळ्यांना सांगतो, हिला गेम खेळायला मीच शिकवलं. मी हसून त्याला ओवाळते, आणि नंतर त्याच्या मुलीला गॅलरीत नेऊन सात वेळांची गोष्ट सांगते.