फीत न कापलेला बंब

१२ मार्च, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटं. गावामागच्या माळावर वाळलेलं गवत धडाधडा पेटलं होतं, मी फोन कानाला लावून अंगणात उभी होते आणि नगरपालिकेतला माणूस मला समजावत होता, "मॅडम, नवीन गाडी हाय, पन तिचं लोकार्पण व्हायचंय."

लोकार्पण! माळरानावरच्या आगीसाठी मुद्दाम घेतलेली, छोटी, चारही चाकांना जोर असलेली गाडी पालिकेच्या आवारात गळ्यात हार घालून उभी आहे, कारण फीत कापायला साहेबांची तारीख मिळत नाही. त्या दिवशी तिच्याऐवजी जुना मोठा बंब आला. तो पहिल्या बांधापाशीच अडला आणि त्याची नळी आगीपर्यंत पुरेना. अर्धा माळ गेला. आमच्या निवृत्त बायकांच्या मंडळानं लावलेली कडुनिंबाची रोपंही गेली. उरलेल्या अर्ध्या माळाला लागून माझ्या शेजारणीचं, रझियाचं घर आहे, तिच्या शेळ्यांचा गोठा आहे, आणि सगळा उन्हाळा अजून पुढे आहे. गावाचं नाव मी लिहीत नाही. नांदेड जिल्ह्यात आहे, ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. तिथली माझी जुनी सोबतीण निर्मला आता किल्लारीच्या पलीकडच्या एका गावाची सरपंच आहे. तिला फोनवर ही कथा ऐकवली तर ती चक्क हसली. "अगं सुलभा, आमी चार गावांनी मिळून तसल्याच दोन गाड्या घेतल्यात. येऊन बघ की!" रझिया शिवणकाम करते. ईदचे कपडे देऊन ती मोकळी झाली होती. म्हणाली, "चलो ताई. घर मेरा जलनेवाला है, देखना भी मैंच देखूंगी."

तुम्हाला जायचं असेल तर नांदेडहून सकाळची लातूर एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट आहे, ते हक्कानं घ्या. उजव्या बाजूला बसा, कारण सकाळचं ऊन डावीकडून येतं. लोह्यापर्यंत रस्ता गुळगुळीत. पुढे अहमदपूरपर्यंत दोन्ही बाजूंना काढणी झालेली रानं आणि मधूनच पळसाचं एखादं पेटल्यासारखं झाड. एरवी मी त्याला सुंदर म्हटलं असतं. या वर्षी आधी धूर निघतोय का ते बघितलं.

कंडक्टरनं कुठं निघालात विचारलं. मी खरं ते सांगितलं.

"आगीची गाडी बघायला? आवो मावशी, पोराला पोरगी बघायला निघाल्यावानी नटून बसल्यात की!"

"दुल्हन भी इत्ता नखरा नै करती भाऊ," रझिया म्हणाली. मागची दोन बाकं हसली.

लातूरला स्टँडबाहेर निलंगा राईस खाल्ला. स्वस्त, गरमागरम आणि डोळ्यांत पाणी आणणारा. सोबत ताक घ्याच. पुढे औशावरून किल्लारीकडे जीपनं गेलो. जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि ती कधी भरली हे फक्त ड्रायव्हरला कळतं.

निर्मलाच्या गावचे रस्ते सरळ आणि रुंद आहेत. इकडची गावं भूकंपानंतर आखून वसवलेली. पंचायतीशेजारच्या पत्र्याच्या शेडखाली लाल रंगाच्या दोन गाड्या उभ्या होत्या. मागे पाण्याची टाकी, पंप, गुंडाळलेली नळी आणि बांबूला जुन्या टायरचा तुकडा ठोकून केलेली झोडपणी. एका गाडीच्या बंपरला फितीची काळवंडलेली गाठ अजून तशीच होती.

"हे काय गं?"

"हे आमचं लोकार्पण," निर्मला म्हणाली. "आमालाबी सायबांची तारीख मिळंना. तेवढ्यात माळ पेटला. या शिवलिंगअप्पांनी फितीसकट गाडी काढली. येताना फीत जळून गेलेली."

"मंग साहेब नाराज झाले?" रझियानं विचारलं.

"कशाला? आठ दिसांनी आले, आमी नवी फीत बांधली, त्यांनी कापली. गाडीवर काजळी व्हती, कुनी इचारलं न्हाई. फोटोबी झकास आला."

अप्पा, म्हणजे गाडीचे चालक, मिशीत हसत होते.

जेवायला बसलो. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही. भाकरी अर्धी झाली तोच निर्मलाचा फोन वाजला: ओढ्याकाठचं गवत पेटलंय, वारा कडब्याच्या गंजीकडं आहे. मी हात धुवून बाहेर आले तर गाडी सुरूसुद्धा झालेली. "बसा मावशी, पन गच्च धरा," अप्पा ओरडले. गाडी रस्ता सोडून रानात उतरली, बांध चढली, उतरली, आणि माझा चष्मा निर्मलाच्या मांडीवर जाऊन पडला. लहानपणी हैदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलेल्या सगळ्या प्रार्थना मला एकदम आठवल्या. अप्पांनी आगीच्या पुढे जाऊन पाण्याची धार धरली. कडेनं गावातल्या बायामाणसांनी झोडपण्या चालवल्या. रझियानंही ओढणी खोचून एक उचलली आणि आमच्या पालिकेवरचा सगळा राग त्या गवतावर काढला. गंजी वाचली. गंजीच्या मालकिणीनं सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला.

परत येताना एसटीत रझियानं ओढणीचा वास घेऊन बघितला. मग म्हणाली, "ताई, वो गाडी अपने पास भी है. बस खडी है." घरी आल्यावर तिनं मशीन काढलं. साटिनची लाल फीत शिवली आणि मधोमध टिचबटणं लावली. ओढली की सुटते, दाबली की पुन्हा बसते. कितीही वेळा उद्घाटन करा.

ती घेऊन आम्ही पालिकेत गेलो. टेबलामागचे गृहस्थ म्हणाले, "तुमच्या भावना वर पोचवतो." मी म्हटलं, भावना माझ्याकडेच राहू द्या, गाडी माळावर पोचवा. बाहेर पडलो तेव्हा आवारात त्या गाडीचा चालक तिच्या काचा पुसत होता. हारातली फुलं केव्हाच वाळली होती. तो हळूच म्हणाला, "ताई, किल्ली माझ्या खिशातच हाय. फकस्त एक कागद द्या म्हनावं, म्या निघतो."

या प्रवासातून एवढं घरी आलं: चष्म्याची वाकडी काडी, रझियाच्या ओढणीला अजून येणारा धुराचा वास, आणि ही खात्री की आमचा उरलेला माळ वाचू शकतो. पाणी आहे, गाडी आहे, माणूसही तयार आहे.

म्हणून पालिकेला, इथेच, सगळ्यांसमोर विचारते: माळावरून पुढचा फोन येईल तेव्हा, फीत कापलेली असो वा नसो, नवीन गाडी निघणार का? हो किंवा नाही. उत्तर लेखी हवं, सही-शिक्क्यासह, ३० एप्रिलला संध्याकाळी पाचच्या आत. फितीची काळजी करू नका, ती आमच्याकडे तयार आहे.