बिनहाडाचं

मांजराला मांस लागतं हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. तोवर मांजर म्हणजे दूध-पोळी, एवढंच आमच्या घराचं ज्ञान. भिक्षुकी करणारं घराणं. दोन पिढ्यांपूर्वी पळी-पंचपात्र ठेवून आम्ही कारकून झालो, पण ताटातलं काही बदललं नाही. गेल्या वर्षी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बोक्याचं एक पिल्लू सापडलं, ओंजळीत मावेल एवढं, ते मी वर घेऊन आले. घरात आई आणि मी, दोघीच. आईनं त्याला बघून कपाळाला हात लावला, वाटीत दूध ओतलं आणि बारसंही तिथंच उरकलं. "ये मेल्या," म्हणाली. तेच नाव पडलं.

दूध त्याला पचेना. जुलाब सुरू झाले. मग मी फोनवर व्हिडिओ बघत बसले. त्यातली एक बाई ठासून सांगत होती की मांजराला कच्चंच मांस द्यावं, रानात त्याला कोण शिजवून घालतं. मला ते लगेच पटलं. खरं सांगायचं तर पटलं नव्हतं, सोयीचं वाटलं होतं. शिजवायचं नाही म्हणजे गॅसला शिवाशिव नाही, भांडी बाटायची नाहीत. बाल्कनीत एक ताटली आणि एक कात्री, संपला विषय. तीच बाई पुढं म्हणत होती की मांसाबरोबर हाडही दळून घालावं, काळीज घालावं, त्याचं प्रमाण ठरलेलं असतं. तो भाग मी बोटानं पुढं सरकवला.

हाड नकोच होतं मला. आमच्याकडं हाडं म्हणजे अस्थी, आणि अस्थी घरात आणत नाहीत. बाबा गेले तेव्हा त्यांच्या अस्थींचा कलश आम्ही फाटकाबाहेरच्या झाडाला टांगला होता, उंबऱ्याच्या आत घेतला नव्हता. मग कोंबडीची हाडं कशी आणायची? हा प्रश्न मी कुणाला विचारला नाही. उत्तर मला माहीतच होतं.

माझं ऑफिस औरंगपुऱ्यात. तिथून दोन गल्ल्या सोडून एक चिकनवाला होता. ओळखीचं कुणी दिसत नाही बघून मी स्कूटी लावायची आणि साडीच्या दुकानाची पिशवी पुढं करायची. "बोनलेस द्या. एकही हाड यायला नको."

"किसके लिए मॅडम?" त्यानं विचारलं. मांजराच्या पिल्लाला, म्हटलं. तो म्हणाला, "बच्चे को तो हड्डी होना. गर्दन डाल के पीस देतूं ना."

होना म्हणजे इथल्या हिंदीत 'पाहिजे'. माझा जन्म इथं गेलाय, मला ते बरोबर कळलं. पण हा गिऱ्हाईक अडाणी बघून मान खपवतोय असं वाटलं आणि मी फणकारले, "मला शिकवू नका." त्यानंतर तो कधी बोलला नाही, मला बघितलं की बोनलेस तोलायचा.

तीन महिने मी ते घातलं. ऑफिसात डबा खाताना रॉ डाएटवर भाषणं ठोकली. कुणी विचारलं, इन्फेक्शन नाही का होणार, तर त्याचं तोंड बंद केलं. मी तशीच आहे, मला अर्धवट कळलं की मी सगळ्यांना शिकवायला निघते.

पिल्लू लई द्वाड होतं, पडद्यावर चढायचं. हळूहळू ते उड्या मारेनासं झालं. उचललं की गुरगुरायचं, मग एका जागी पडून राहायचं. मी आईला म्हटलं, बघ, शहाणा झाला. आमच्या घराला शोभेसा झाला.

एका सकाळी तो दिवाणावरून खाली उतरला. उडी नव्हती ती, नुसता उतरला, आणि असा ओरडला की आई देवपूजा सोडून धावत आली. मागचा पाय लोंबत होता.

दवाखान्यात कागदावर नाव लिहायचं होतं. मेल्या असं मला सांगवेना. बोका लिहा, म्हटलं. डॉक्टरीण माझ्या भाचीच्या वयाची. तिनं एक्स-रे उजेडावर धरला आणि विचारलं, "काकू, याला काय घालता?" मी अभिमानानं सांगितलं. अजूनही अभिमानानं, हे लिहिताना लाज वाटते.

"हाड अजिबात नाही? दुसरं काहीच नाही?"

"नाही. एकदम स्वच्छ."

ती सावकाश सांगत गेली. नुसत्या मांसात कॅल्शियम नावालाच असतं. पिल्लू वाढत असतं, शरीराला ते लागतंच. मिळालं नाही की शरीर स्वतःच्याच हाडांतून ओढून घेतं. मांडीचं हाड मोडलं होतं, पाठीचा कणा वाकला होता. एक्स-रेवर हाडं इतकी फिकट होती की मला ती शोधावी लागली.

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं आणि वर म्हणाले, "तुझ्या घरात हाड कसं आणणार होते मी?"

"मी कधी नको म्हटलं?" आई म्हणाली. "गंगापूरला माहेरी आमची मांजर देवघराच्या दारात उंदीर खायची, शेपटीसकट. माझे अण्णा सोवळं सावरून बाजूनं जायचे. उंदराला काय हाडं नसतात?"

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू ऐकतेस कुणाचं?"

मी आत जाऊन दार लावून घेतलं आणि खूप रडले. सोवळं आईचं नव्हतं, माझं होतं. तिच्या नावावर खपवलं होतं मी.

दीड महिना तो पिंजऱ्यात होता. डॉक्टरीण सांगेल तेच खाणं, तेवढंच. हाडं भरतील म्हणाली होती, भरली, पण वाकडी भरली. आता तो चालतो म्हणजे मागचं अंग ओढत सरकतो. शेजारीण विचारते, गाडीखाली आला होता का? पहिल्यांदा मी हो म्हणून गेले. आता खरं काय ते सांगते. सांगताना आवाज चढतो माझा, का कोण जाणे.

आई त्याला हातानं भरवायला बसते. तो तिच्या हातातला घास सोडून, फरशीवरून घसरत माझ्याकडं येतो आणि तोंड वर करून बसतो. मी घालीन ते खाईल. तेव्हाही त्यानं तेच केलं होतं.