पॅलॅडियमला शेंदूर

पांडेसऱ्याच्या रसायन कारखान्यात धुडकू बडगुजरचा मान कामापेक्षा पूजेमुळे जास्त. शेजारच्या बमरोलीत राहणारा हा खानदेशी गडी दसऱ्याला पंपापासून वजनकाट्यापर्यंत कुणालाही शेंदराविना सोडत नसे.

यंदा केमिस्ट प्रवीण साहेबांनी त्याला काळी, ओलसर भुकटी दाखवली. "हे पॅलॅडियम. ही दोन रसायनं एकमेकांकडे ढुंकून बघत नाहीत. हे मध्ये पडतं, त्यांची जोड लावतं आणि स्वतः जसंच्या तसं उरतं. सोन्याच्या तोडीचं आहे, जप."

दसऱ्याच्या तोंडावर सोन्याचं नाव काढल्यावर धुडकू स्वस्थ बसतोय होय! त्याने भुकटीचा डबा उघडून आत मूठभर शेंदूर वाहिला; ओल्या काळ्या भुकटीत तो मिसळून गेला. देवाच्या कामात हात आखडता घेणं त्याला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रसायनं जुळेचनात. भुकटी तपासली तर तिच्यात शिसं निघालं, आणि शिशाने पॅलॅडियम मरतं. साहेब नळ, पंप, पिंपं धुंडाळू लागले.

"शिसं कशात असतं, साहेब?" धुडकूने विचारलं.

"जुन्या रंगात, बॅटरीत, शेंदरात," म्हणत साहेब पुन्हा नळाकडे वळले. धुडकूने शेंदराची बोटं सदऱ्याला पुसली.

घरी त्याने बायकोला, चंचलला, सांगितलं, "मन्हा हातनी घोटाळा व्हई गया."

"मंग सांगी दे ना."

"नोकरी जाई."

इकडे शेठने शिशाचा अहवाल न वाचताच बाजूला सारला. "नजर लगी है. धुडकू, नया डिब्बा आया है, बड़ी पूजा रख."

सगळे जमले. शेंदराचं ताट धुडकूच्या हातात. खरं बोलावं तर नोकरी जाणार, शेंदूर वाहावा तर हाही डबा मरणार.

"शेठ, माताजी सपने में आई थी," तो म्हणाला. "बोली, शेंदूर नहीं. सिर्फ फूल, वो भी डिब्बे के बाहर."

शेठने हात जोडले. त्या दिवशी रसायनं मुकाट्याने जुळली, आणि कारखान्यात पाटी लागली: माताजींच्या आज्ञेवरून शेंदूर बंद. धुडकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी प्रवीण साहेब त्याच्याजवळ येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात ताटातला शेंदूर तपासल्याचा कागद होता. धुडकूने मान खाली घातली. साहेबांनी कागदाची घडी करून खिशात टाकली.

"धुडकू," ते हळूच म्हणाले, "माताजी परत आल्या तर त्यांना धूर ओढणारा पंखा बसवायचंही बोलायला सांग. माझे अर्ज शेठ वाचत नाहीत."