पडणं कशाला धरायचं

चार सायकलवाले चहाला बसले की सायकलीचं बोलणं पहिल्या घोटाला संपतं. मग विषय निघतो, कोण कशाला धडकला. आमच्या ग्रुपात तर आता असं झालंय, की एखाद्या रविवारी कुणी कशालाच न धडकता परत आला तर चहाला चव लागत नाही. किस्से साठतच जातात. वाईट एवढंच वाटतं, की त्यातल्या बहुतेकांत खाली पडलेला माणूस मी असतो.

ग्रुप म्हणजे तिघंच. अण्णा, पीटीचे निवृत्त शिक्षक. साठी उलटली तरी चढाला आम्हाला मागं टाकतात. आयुष्यात खोटं बोललेले नाहीत, आणि त्यांच्याबरोबर फिरण्यातली हीच मोठी अडचण आहे. दुसरे डॉक्टर, म्हणजे दातांचे. तिसरा मी. विम्याच्या ऑफिसात खुर्ची उबवतो, पोट सुटलंय, सायकल मात्र कार्बनची. दुकानदार दोन बोटांनी उचलून दाखवत म्हणाला होता, "वजनच न्हाई बघा साहेब!" मग त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पुढचं बोलणं गिळलं.

*

पहिला मान डॉक्टरांचा. रंकाळ्याच्या पलीकडच्या रस्त्याला सकाळी एक तांबडं कुत्रं आमच्या मागं लागलं. कुत्रं मागं लागलं की पेडल मारायचं थांबवा, त्याचा इंटरेस्ट जातो, असं लेक्चर डॉक्टरांनी आम्हाला आदल्याच रविवारी दिलेलं. त्यांनी पेडल थांबवलं. कुत्र्याचा इंटरेस्ट वाढला. त्यानं सरळ पोटरी धरली.

अण्णांनी पाण्याची बाटली फेकून कुत्र्याला हाकललं. डॉक्टर पुलाच्या कठड्यावर बसले, पोटरी वळवून चाव्याकडं बारकाईनं बघितलं आणि म्हणाले, "वरचे सुळे उत्तम. खालचा डावा हलतोय त्याचा."

इंजेक्शन देताना सिस्टरनं विचारलं, कुत्रं ओळखीचं होतं का? तर डॉक्टर म्हणाले, "नाही, पहिल्यांदाच आला."

तुम्ही विचाराल, तेव्हा मी कुठं होतो? मी एका बंगल्याच्या कंपाउंडवर होतो. आमचे सायकलचे बूट असे असतात की ते घालून सपाट फरशीवरसुद्धा धड चालता येत नाही. त्या बुटांनी मी भिंत कशी चढलो, हे मला अजून कळलेलं नाही. उतरवायला मात्र दोघं लागले.

*

या बुटांचं आणखी एक आहे. ते पेडलला खट्टकन अडकतात. पाय सोडवायचा तर टाच बाहेर फिरवावी लागते. शांत डोक्याच्या माणसाला सोपं आहे. पण माझ्यापुढं जनावर आलं की माझं डोकं आधी जातं आणि टाच तिथंच राहते.

शाहूवाडीच्या बाजूला गेलतो. वळणावर शेळ्यांचा कळप. सगळ्या शेळ्या डावीकडं गेल्या, एक मधेच थांबून विचार करत बसली. मी तिला धडकलो, म्हणजे हँडलचा कोपरा तिच्या पाठीला घासला, आणि मी सायकलसकट चरात.

गाव गोळा झालं. बायका धावल्या, म्हातारी माणसं धावली, आणि सगळी शेळीजवळ गेली. तिच्या पाठीवरनं हात फिरवले. कुणीतरी पाणी आणलं, तिला पाजलं. मी चरातनं हात वर केला, तर मालकीण माझ्याकडं बघून म्हणाली, "पावणं, गाभण हाय ती. कायतरी खाल्ल्याबिगर सोडायची न्हाई तुमास्नी."

मला वाटलं, मला चहा-भाकरी खाल्ल्याशिवाय सोडणार नाहीत. कोल्हापूरची माणसं, आग्रह हा असायचाच! मी म्हटलं, कशाला त्रास घेताय मावशी. तेव्हा कळलं, की खायचं शेळीनं होतं. तिनं तोंड हलवलं म्हणजे ती धडधाकट, मग मी मोकळा. पाला दाखवला, मका दाखवला, ती ढिम्म. शेवटी माझ्या खिशातली राजगिऱ्याची चिक्की पुढं केली. ती तिनं कागदासकट खाल्ली, आणि गावानं मला जायची परवानगी दिली.

*

त्या दिवशी गुडघा फोडून घरी आलो आणि सुनीतानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, कायदा केला. आवाज न चढवता केला, त्यामुळं मी जास्त घाबरलो. "अहो, हाडं आपली पन्नाशीची. आता एकदा जरी पडलात, तर सायकल हातकणंगल्याला."

हातकणंगल्याला माझा मेव्हणा असतो. तो डेअरीला दूध घालतो. गेल्या खेपेला आला तेव्हा त्यानं माझी कार्बनची सायकल पुढनं-मागनं नीट न्याहाळली आणि म्हणाला, "दाजी, दोन्ही बाजूला कॅन बसत्यात की!"

त्या रात्री मला झोप लागली नाही. हसताय काय? ऑफिसात साहेब, घरात टीव्हीचा रिमोट पोरांकडं, आणि डॉक्टरांनी, म्हणजे खऱ्या डॉक्टरांनी, साखर बंद केलेली. रविवारची सकाळ तेवढी माझी. डोळे मिटले की त्या सायकलीला दुधाचे कॅन लोंबकळताना दिसायचे.

*

त्यानंतर जपून चालवायला लागलो. बिद्रीच्या रस्त्याला एकदा समोरनं वारं होतं, म्हणून मी उसानं भरलेल्या बैलगाडीच्या मागं आडोशाला लागलो. झकास चाललं होतं. पण बैलांना लघवीला थांबायचं असतं, आणि ते ब्रेकलाइट लावत नाहीत.

मी डोक्यानं उसात शिरलो. हेल्मेटच्या फटींत शेंड्याच्या वाढ्यांचा पाला आणि कांड्या अशा घुसल्या की डोकं निघेना. पण पडलो नाही! उसानं धरून ठेवलं. गाडीवान मागं आला, मला निरखून बघितलं आणि म्हणाला, "असंच चला की पावणं कारखान्यापर्यंत. काट्यावर तुमचं बी वजन उसात धरू."

अण्णांनी आधी फोटो काढला, मग मला. सुनीतानं फोटो मोठा करून बघितला, दोन्ही चाकं जमिनीला आहेत ना ते तपासलं, आणि यावेळेला सोडलं.

*

मग आंबा घाट. श्रावणातला ओला रस्ता, आणि मधोमध एक खेकडा दोन्ही नांग्या वर करून उभा. अण्णांनी कचकन ब्रेक मारला. मागं मी होतो. टाचेचं काय झालं असेल ते तुम्हाला आता सांगायला नको. मी अण्णांवर, अण्णा रस्त्यावर.

अण्णा उठले, खेकडा उचलला, रश्शाला होईल म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि जर्सीला पाठीमागं खिसा असतो त्यात ठेवला. पुढच्या चढाला ते आमच्या शेजारनं असे सुटले की डॉक्टर म्हणाले, या वयात काय स्टॅमिना आहे बघा! वर पोचलो तर अण्णा अर्धी जर्सी काढून गोल फिरत होते. पिशवी फाटली होती, आणि खेकड्यानं कंबरेच्या खाली पक्की पकड घेतली होती.

संध्याकाळी सुनीतानं थेट अण्णांनाच फोन लावला. मी देव पाण्यात घालून बसलो. खोटं न बोलणारा माणूस काय सांगणार? अण्णांनी जे घडलं ते सांगितलं: "पडला, पण माझ्यावर. जमिनीला टेकला न्हाई."

सुनीतानं बराच वेळ विचार केला. मग कायद्यातली पळवाट बुजवली. "माणूस असो, जनावर असो, कशावरही पडलात तरी ते पडणंच. आता पुढच्या वेळेला मी भावाला फोन करणार."

*

आणि मग दिवाळी आली.

आपल्याकडं पाडव्याला म्हशी पळवतात. शिंगं रंगवून, मोरपिसं लावून. मालक मोटरसायकलवर पुढं, म्हैस मागं. तिला आधी महिनाभर तेवढंच शिकवलेलं असतं, की गाडी पळाली की पळायचं आणि थांबली की थांबायचं. हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मलाही माहीत होतं. माझा जन्मच पेठेतला.

वसुबारसेच्या सकाळी एकटाच निघालो होतो. पेठेत एक मालक मोटरसायकल बंद करून टपरीवर चहा पीत होता. मागं त्याची म्हैस, काळीभोर, शिंगं पाठीपर्यंत वळलेली. मी त्या दोघांच्या मधनं गेलो.

मागनं धप धप धप आवाज आला. वळून बघितलं आणि डोकं गेलं. मी पेडल हाणलं. ती आणखी जोरात. मी गल्लीत वळलो, ती गल्लीत वळली. अण्णांना मागं टाकलं असतं अशा स्पीडनं मी पळत होतो, आणि बघायला कुणी नव्हतं!

तेवढ्यात मालक गाडीवरनं बाजूला आला. "पावणं, थांबा की! तुमी थांबल्याबिगर ती थांबत न्हाई!"

"ती थांबल्याशिवाय मी थांबत नाही!"

असे आम्ही तिघं माझ्या घरापर्यंत आलो. फाटकात सुनीता रांगोळी काढत होती. रांगोळीवर सायकल घालण्यापेक्षा म्हैस परवडली, असा विचार करून मी ब्रेक मारला. म्हैसही जागच्या जागी थांबली, माझ्या अगदी उजव्या अंगाला.

टाच हलली नाही. सायकल सावकाश उजवीकडं कलायला लागली. सगळं दिसत होतं मला: रांगोळी, सुनीता, दुधाचे कॅन. आणि मी सायकलसकट जाऊन म्हशीच्या पोटावर टेकलो. ती हलली नाही. मी तसाच, एक गाल तिच्या अंगाला लावून, सुनीताकडं बघत राहिलो.

मालकानंही गाडी बंद केली.

सुनीता उठली, हाताची रांगोळी झटकली आणि आत गेली. मला वाटलं, फोन आणायला गेली. बाहेर आली तेव्हा हातात हळदीकुंकवाची कोयरी आणि भाकरी होती. तिनं म्हशीच्या कपाळाला कुंकू लावलं, भाकरी भरवली, आणि माझ्याकडं न बघता तिला म्हणाली,

"पुढच्या रविवारपास्नं ह्यांच्याबरोबर तूच येत जा गं बाई."